बिनआवाजाची मॅच

माझे धाकटे दीर भीमाप्पा शेटे यांच्याविषयी आमच्या पेठेत कुणालाही विचारा, उत्तर एकच यायचं. "माणूस सरळ. पण त्यानं मॅच घालवली." हे ऐकून ऐकून माझे कान किटले. मॅचआधी हा माणूस काय होता आणि मॅचनंतर त्याचं काय झालं, हे कुणी सांगत नाही. मला सांगायचं आहे.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा भावजी मॅट्रिकला होते. पहिल्याच आठवड्यात कॅरमचा डाव मांडला. नवी नवरी जिंकू दे म्हणून माझे यजमान मुद्दाम सोंगट्या चुकवत होते. भावजी खेळत नव्हते, नुसते बाजूला उकिडवे बसले होते. माझं कोपर बोर्डाच्या आत गेलं, तसे म्हणाले, "वैनी, फाऊल."

सासूबाई म्हणाल्या, "अरे, पोर नवीन आहे घरात."

"पोर नवीन असू दे. नियम जुनाच हाय की."

असा हा माणूस. पुढं कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत त्यांनी काथ्या-सुतळीचं दुकान चालवलं. गिऱ्हाईक म्हशीला दोर मागायला आलं की हे म्हणायचे, "ह्यो नको. हिसक्याला तुटंल. समोरच्याकडं जाड आलाय, तिकडनं न्या." त्यांची बायको शिवगंगा कपाळाला हात लावायची. "अशानं दुकान चालणार व्हय?" दुकान मात्र चालत होतं. ज्याला एकदा समोर पाठवलं तो पुढच्या वेळी सरळ यांच्याकडं यायचा.

बाहेरच्या लोकांना कोल्हापूर म्हटलं की कुस्ती आठवते. इथं फुटबॉल काय चीज आहे, ते इथं राहिल्याशिवाय कळत नाही. प्रत्येक पेठेचा आपला संघ, आपलं तालीम मंडळ. मॅचच्या दिवशी दुकानांची शटरं अर्ध्यावर येतात, आणि हरलेल्या पेठेतल्या घरात त्या संध्याकाळी भांडी आपटण्याचा आवाज जास्त येतो. भावजी तरुणपणी आमच्या पेठेकडून खेळले. गुडघा दुखावला, मग रेफ्रीची परीक्षा दिली आणि काळी हाफ पँट घालून शिट्टी गळ्यात अडकवली. मैदानावर त्यांच्याशी कुणी हुज्जत घालायचं नाही. "भीमाप्पा सख्ख्या आईलाबी ऑफसाईड दील," असं लोक म्हणायचे, आणि ते कौतुकानं म्हणायचे.

पंच्याण्णव सालची फायनल आमच्या आणि पलीकडच्या पेठेची होती. नेमलेला रेफ्री मिरजेहून यायचा होता, त्याची एसटी वाटेत बंद पडली. स्टेडियम भरून वाहत होतं. मॅच पुढं ढकलली असती तर लोकांनी खुर्च्या मोडल्या असत्या. तेव्हा दोन्ही संघांचे कप्तान मिळून भावजींकडं आले. खरं म्हणजे ज्या पेठेत माणूस राहतो त्या पेठेची मॅच त्याला देत नाहीत. पण कप्तानांनी आपला हिशेब मांडला: भीमाप्पा राहायला या पेठेत आणि जावई त्या पेठेचा, शिवगंगेचं माहेर तिकडचं. म्हणजे दोन्हीकडचा. म्हणजे कुणाचाच नाही. हे असलं गणित जगात दुसरीकडं कुठं चालत असेल असं मला वाटत नाही. भावजींनी ते मान्य केलं, कारण समोर मॅच होती आणि गळ्यात शिट्टी होती.

बरोबरी चालली होती. शेवटी शेवटी आमच्या पेठेला कॉर्नर मिळाला. सयाजी म्हणून आमचा नावाजलेला फॉरवर्ड होता, तो उडाला आणि बॉल जाळ्यात गेला. पेठ नाचायला लागली, आणि भावजींनी गोल रद्द केला. हँडबॉल. सयाजी मातीवर हात मारून शपथा घेत होता, छातीला लागला म्हणून. पुढच्याच मिनिटाला पलीकडच्यांनी गोल केला आणि कप घेऊन गेले.

मग लोक मैदानात उतरले. भावजी घरी आले तेव्हा अंगात फाटका शर्ट होता आणि एका पायात बूट नव्हता. मी हळद गरम करत होते. ते एवढंच म्हणाले, "वैनी, डावा हात लागलाय. मी बघितलंय."

पेठेनं ठरवून टाकलं, की भीमाप्पानं बायकोच्या माहेराला मॅच दिली. आणखी एक पुडी सुटली: शिट्टी आधी वाजलीच नव्हती, बॉल जाळ्यात गेल्यावर यानं पलीकडच्या गॅलरीकडं बघितलं आणि मग वाजवली. आमच्या गल्लीतली माणसं दुकानावरून पुढं जाऊन समोरून सुतळी आणायला लागली. शिवगंगा भाजीला गेली की बायका विचारायच्या, "काय गं, कप आला का माहेराहून?" ती हसण्यावारी न्यायची. घरी येऊन पिशवी ठेवायची आणि मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धुवायची.

या सगळ्यात एकच माणूस भावजींच्या बाजूला उभा राहिला. जोतीराम. शाळेपासूनचा मित्र, व्हिडिओ शूटिंगचा धंदा. पेठेतलं एकही लग्न त्याच्या कॅमेऱ्याशिवाय लागत नसे, आणि मंडळाच्या मॅचही तोच काढायचा. ती फायनलही त्यानं काढली होती. भावजी दुसऱ्याच दिवशी त्याच्याकडं गेले होते.

"भीमा, काय सांगू मर्दा," जोतीराम म्हणाला होता, "कॅसेट हेडला गुंडाळली. निम्मी फीत कुरतडून बाहेर आली. असती तर गल्लीच्या तोंडाला टीव्ही लावून दाखवली असती."

भावजींनी विश्वास ठेवला. मीही ठेवला. दुकान ओस पडलं, पाहुणेरावळे कमी झाले, पण जोतीराम रोज संध्याकाळी लुना दारात लावायचा आणि पुढच्या सोप्यावर, पडवीत, बसून चहा प्यायचा. शिवगंगा शेवटच्या आजारपणात दवाखान्यात होती तेव्हा तिनं त्याला विचारलं होतं, माझ्यासमोर. "भावजी, खरंच न्हाय का हो ती कॅसेट?" तो म्हणाला, "न्हाय वो वैनी. तुमची शपथ." ती गेली त्याला आता बरीच वर्षं झाली.

हे सगळं लोक विसरले असते तर मी लिहायला बसले नसते. पण दोन हजार नऊ साली मंडळाला पन्नास वर्षं झाली. सुवर्णमहोत्सव. पेठेतल्या सगळ्या जुन्या खेळाडूंचा, वस्तादांचा, रेफ्रींचा सत्कार करायचं ठरलं. अध्यक्ष कोण, तर सयाजी. यादी मंडळाच्या फळ्यावर लागली. जोतीराम वाचून आला आणि चहाचा कप हातात घेऊन नुसता बसला.

"माझं नाव न्हाय न्हवं?" भावजींनी विचारलं.

"सोड की. नारळ आणि शाल. थंडीबी न्हाय आता."

त्या दिवशी भावजी जेवले नाहीत, आणि उपास त्यांनी जन्मात कधी केला नव्हता.

आणि त्याच उन्हाळ्यात जोतीरामची लेक सोनम आमच्याकडं आली. इचलकरंजीला कॉम्प्युटरच्या ऑफिसात होती. बापाच्या एकसष्टीला तिनं एक चांगलं काम केलं. स्टुडिओ बंद पडलेला, माळ्यावरच्या कॅसेटना कोल्हापूरच्या पावसानं बुरशी धरलेली. तिनं त्या एकेक पुसून कॉम्प्युटरवर उतरवल्या आणि ज्याचं लग्न त्याला द्यायला निघाली. माझ्या लेकीचं, शांभवीचं, लग्न त्यात होतं.

"काकू, निवडत बसत नाही, सगळंच तुमच्या कॉम्प्युटरवर टाकते," ती म्हणाली. "तुमचं ठेवा, बाकीचं पुसून टाका."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ते निवडायला बसले. बारशी, मुंजी, वास्तुशांती, कुणाकुणाची डोहाळजेवणं. त्यात एक नाव: फायनल ९५.

मी ती लावली. आमच्या कॉम्प्युटरचे स्पीकर माझा मुलगा सोमेश बंगळूरला घेऊन गेला होता, तेव्हा आवाज नव्हता. चित्र फिकं, मधेमधे पांढऱ्या रेघा. पण शेवटचा कॉर्नर स्वच्छ होता. मला फुटबॉलातलं फार कळत नाही. हात आणि छाती यातला फरक कळतो. मी जिन्यावरून खाली ओरडून सांगितलं.

भावजी सोप्यावर होते. "कुठला हात, वैनी?"

"डावा."

"डावाच," ते म्हणाले, आणि डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

संध्याकाळी जोतीराम आला. त्याला सांगितलं तर त्याच्या हातातली बशी थांबली. मग म्हणाला, "आयला, राहिली व्हय शिल्लक. मला वाटलं गेली. पोरीनं कुठनं जोडली कुणास ठाऊक." आम्ही आनंदात होतो. आनंदात माणूस समोरच्याचं तोंड बघत नाही.

आता अडचण अशी, की कॉम्प्युटर माडीवर. माडीचा जिना म्हणजे शिडीच, आणि भावजींचे गुडघे केव्हाच गेलेले. खाली सोप्याला लागून हॉलमध्ये मोठा टीव्ही होता, सोमेशनं घेतलेला, आणि त्याला त्याचा गेम खेळायचा डबा जोडलेला. सीडी करून आणता आली असती, पण आमचा कॉम्प्युटर सीडी वाचायचा, लिहायचा नाही. मी सोमेशला फोन लावला.

"आई, काही आणू नकोस. तो डबा नुसता गेमचा नाही. कॉम्प्युटरवरचा व्हिडिओ तो वायरीतून खेचून टीव्हीवर दाखवतो. राऊटरला दोन्ही जोड, कॉम्प्युटरवर शेअरिंग चालू कर, आपोआप सापडतं."

आपोआप काहीही सापडत नाही, हे मला या वयात कुणी सांगायला नको. मी जिन्याच्या कडेनं लांब वायर सोडून डबा राऊटरला जोडला. डब्यावर कॉम्प्युटर दिसेना. जोतीराम डब्याला चापट मारून बघायचा. पुस्तिका वाचायची नाही आणि यंत्राला थापा मारायच्या, ही पुरुषांची दुरुस्ती. मी ती पुस्तिका पहिल्या पानापासून वाचायला घेतली. डब्याला इंटरनेट मिळत होतं, म्हणजे वायर ठीक. कॉम्प्युटरवर शेअरिंग चालू होतं. मग मधे अडवतंय कोण? शोधता शोधता अँटिव्हायरसच्या यादीत आमच्या डब्याचं नाव सापडलं: याला आत घेऊ नये.

"हे कुणी केलं?"

"मी," जोतीराम म्हणाला. "तुमी मघाशी खाली गेलता तवा एक चौकट आली. अनोळखी यंत्र आत येऊ दे का म्हणत हुती. म्हटलं नको, कशाला."

आम्ही तेव्हा हसलो. तो अडाणीपणा होता की आणखी काही, ते मी आता ठरवत बसत नाही.

ती अडवणूक काढली तसा टीव्हीवर आमच्या कॉम्प्युटरचा लहानसा शिक्का उमटला. उघडला तर आत काही नाही. पुन्हा पुस्तिका. शेअरिंग नुसतं चालू करून भागत नाही, कुठलं कपाट, म्हणजे फोल्डर, उघडं ठेवायचं तेही सांगावं लागतं. सोनमनं दिलेला सगळा गठ्ठा मी त्या उघड्या कपाटात टाकला. आता शांभवीचं लग्न दिसायला लागलं. हळद, अक्षता, लग्न लावणारे जंगमस्वामी, आमचे हे धोतर सावरताना. आवाजासकट, सनईसकट. बारशी दिसली. वास्तुशांती दिसल्या. फायनल दिसेना.

कॉम्प्युटरवर आहे, टीव्हीवर नाही. सोमेश म्हणाला, "ती फाईल वेगळ्या प्रकारची असेल. जो प्रकार डब्याला वाचता येत नाही तो त्याच्या लेखी अस्तित्वातच नसतो." सोनमनं पहिल्यापहिल्यांदा उतरवलेल्या कॅसेट एका प्रकारात होत्या, नंतरच्या दुसऱ्या. ही पहिल्यातली.

"त्यात काय एवढं," जोतीराम म्हणाला. "द्या माझ्याकडं, सोनम दुसऱ्या प्रकारात करून दील. मी सांगतो तिला."

त्यानं पेन ड्राइव्हवर नेली आणि आठवड्यानं आणून दिली. मी ती त्याच कपाटात टाकली. टीव्हीवर फायनल दिसली. भावजी खुर्ची पुढं ओढून बसले. कॉर्नर आला, सयाजी उडाला, हात लागला. भावजींनी पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा. मग म्हणाले, "वैनी, आवाज."

आवाज नव्हता. टीव्हीचा आवाज वाढवला. शांभवीचं लग्न लावलं, सनई कानठळ्या बसवायला लागली. परत फायनल लावली. मुकी.

"त्या दिवशी माईक बंद पडलता," जोतीराम म्हणाला. "चित्र हाय न्हवं? हात दिसतोय न्हवं? आवाज काय करायचाय? नुसता गोंगाट असणार."

भावजी म्हणाले, "शिट्टी ऐकायची हाय. हात लागल्याबरोबर मी वाजवली. बॉल जाळ्यात जायच्या आधी. लोक म्हणत्यात मी गॅलरीकडं बघून वाजवली. ते चित्रात न्हाय कळत, जोत्या. आवाजात कळतंय."

"आता माईकच न्हवता तर मी काय करू?"

भावजींनी मान्य केलं. माणसावर विश्वास ठेवायचा म्हटला की ते पूर्ण ठेवत. मी म्हणत होते डब्याचाच दोष असणार. जसं त्याला एखाद्या प्रकारचं चित्र कळत नाही तसा आवाजही कळत नसेल. दोन दिवस मी डब्याच्या सेटिंगमध्ये घातले. टीव्हीची वायर बदलली, ध्वनीचे सगळे पर्याय एकेक करून बघितले, सोमेशचं ऑफिस चालू असताना त्याला फोन केले. दरम्यान भावजींनी सयाजीला निरोप धाडला होता: रविवारी सकाळी जुन्या चारपाच जणांना घेऊन घरी या, काही दाखवायचंय. सयाजी हो म्हणाला. मुकी तर मुकी, दाखवायची असं ठरलं.

शनिवारी मला कंटाळा आला. मी मधला माणूस सोडून सरळ सोनमला फोन केला.

"सोनम, त्या फायनलला आवाज का नाही गं?"

"आहे की काकू. मूळ फाईलला आहे. बाबाच म्हणाले, आवाज काढून दे, शिवीगाळ आहे, काकूंच्या घरात बरं दिसत नाही."

"माईक बंद होता म्हणतात ते."

"छे. मी सगळी कुठं ऐकली? पण गलका होता खूप. आवाजासकट देऊ का? उद्या सकाळी कागलला जाताना देते टाकून."

मला राग आला तो एवढाच, की शिव्या ऐकून मला फेफरं येईल असं जोतीरामला वाटलं. जन्म पेठेत गेलाय माझा. त्यापुढं माझं डोकं चाललं नाही. भावजींना मी म्हटलं, "उद्या आवाज येतोय." ते लहान पोरासारखे हसले.

रविवारी सोनम पेन ड्राइव्ह दारातच देऊन गेली. मंडळी यायला लागली होती, मला आधी लावून बघायला वेळ मिळाला नाही. सयाजी आला, आता ढेरी सुटलेला, गळ्यात चेन. बरोबर त्याच संघातले जुने तिघेचौघे. जोतीराम आधीच बसला होता, भावजींच्या शेजारी, नेहमीच्या जागी. मी पोह्यांच्या बशा दिल्या, माडीवर जाऊन नवी फाईल कपाटात टाकली आणि खाली येऊन रिमोट हातात घेतला.

"लावा, वैनी," भावजी म्हणाले. इस्त्रीचा शर्ट घातला होता त्यांनी.

हॉलमध्ये स्टेडियमचा गलका भरला. जोतीरामनं एकदम माझ्याकडं बघितलं. "आवाज बारीक करा," तो म्हणाला. मी केला नाही.

कॉर्नर आला. सयाजी उडाला. डावा हात बॉलला लागला आणि शिट्टी वाजली. लांब, कडक. बॉल अजून हवेत होता, जाळ्यात नंतर गेला. भावजींनी मांडीवर हलकेच बोट टेकलं, बस, एवढंच.

मग कॅमेऱ्याच्या अगदी जवळून, आमच्या कानाशी बोलावा तसा एक आवाज आला. "हात. हात लागला की. बरोबर दिला भीमानं."

आवाज जोतीरामचा होता. चौदा वर्षांनी तरुण, पण त्याचाच.

मी रिमोट दाबला नाही. पडद्यावर लोक मैदानात उतरत होते. भावजींचा शर्ट कुणीतरी ओढला, ते खाली पडले, उठले. कॅमेरा त्यांच्यावर स्थिर होता, जराही हलला नाही. मग दुसरा आवाज आला, जाड. सयाजीच्या वडिलांचा, तेव्हा मंडळाचे अध्यक्ष तेच होते.

"जोतीराम, दिसलंय का रं ह्यात?"

"सगळं दिसलंय, अध्यक्ष."

"मग गुंडाळ. खराब झाली म्हणून सांग."

"सांगतो."

आणि चित्र गेलं.

भावजी टीव्हीकडंच बघत होते. मान न वळवता त्यांनी विचारलं, "जोत्या, तू सांगितलंस मला. हेडला गुंडाळली म्हणून."

"माझं पोटपाणी पेठेतल्या लग्नांवर हुतं, भीमा."

"आणि माझं?"

जोतीरामनं हातातली बशी खाली ठेवली. मग म्हणाला, "रोज येऊन बसत हुतो की तुझ्याजवळ. दुसरं कोण येत हुतं?"

"व्हय. बसत हुतास." मग भावजी म्हणाले, "शिवगंगेची शपथ घेतलीस. मरणाऱ्या माणसाची."

मला वाटलं, आता सयाजी काहीतरी बोलेल. माफी मागेल, निदान मान खाली घालेल. त्याच्यासाठीच तर हा सगळा खटाटोप केला होता. सयाजीनं पोह्यातला शेंगदाणा चावला आणि म्हणाला, "भीमाण्णा, एक बोलू का? राग मानू नका. हात लागलता हे मला कोण सांगणार? माझाच हात न्हवं का."

"मग शपथा का घेतल्यास?"

"मैदानात सगळेच घेत्यात. ते सोडा. पेठेत कुणालाबी विचारा, सगळ्यांस्नी ठावं हाय हात लागलता ते. त्याच दिवशी ठावं हुतं."

बाकीचे तिघेचौघे माना डोलवत होते. त्यात लाज नव्हती, आणि द्वेषही नव्हता. सकाळी दूध आलं का विचारल्यावर हो म्हणावं तशा माना.

"मग चौदा वर्षं..." भावजींचं वाक्य तिथंच राहिलं.

"हात लागला का न्हाय, हे भांडण कधीच न्हवतं वो," सयाजी समजावून सांगायला लागला. "रेफ्री मिरजेचा असता आणि त्यानं दिला असता, तर चार शिव्या घालून घरी गेलो असतो. पण आपला माणूस. आपल्या गल्लीतला. त्यानं शिट्टी मारावी? ते लागलं पेठंला. न्हाय दिसलं म्हणायचं हुतं की. कुणाचं काय गेलं असतं?"

मी म्हटलं, "मग मॅच त्यांना दिलीच कशाला? सरळ माणूस म्हणूनच दिलीत ना?"

"व्हय की काकू. सरळ हायेतच. कोण न्हाय म्हणतंय?"

मी बशा उचलल्या. सयाजी उठताना भावजींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, झालं गेलं सोडा, सत्काराच्या यादीत नाव घालतो, अवश्य या. अगदी मनापासून म्हणाला. आपण मोठेपणा केला असं त्याला वाटत होतं.

सत्काराचं सांगून टाकते. भावजी गेले नाहीत. मंडळाच्या पोरांनी शाल आणि नारळ घरी आणून दिला. नारळ मी फोडला आणि चटणीला वापरला, वस्तूचा काय दोष. शाल भावजींनी घडी न मोडता दुकानातल्या हमालाला दिली. पेठ आता त्यांना नमस्कार करते. गल्लीतली दोन घरं सुतळीला पुन्हा यायला लागली. त्याचा भावजींना आनंद झालेला मी बघितला नाही. त्यांना वाटत होतं, लोक चुकलेत. एकदा दाखवलं की झालं. लोक चुकलेच नव्हते, हे कळल्यावर दाखवायला हातात काही उरलं नाही.

पण मला सांगायचं आहे ते त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशीचं. सोमवारी संध्याकाळी नेहमीच्या वेळेला लुनाचा आवाज आला. मला वाटलं होतं जोतीराम येणार नाही. तो आला. गाडी स्टँडला लावली आणि पायरीखालीच उभा राहिला. भावजी सोप्यावर समोर बसलेले, मधे चार हातांचं अंतर.

"भीमा," त्यानं हाक मारली.

भावजी माझ्याकडं वळले. "वैनी, सांगा त्यांस्नी, भीमाप्पा घरात न्हाईत म्हणून."

मी त्यांच्याकडं बघितलं. या माणसानं उधारीवाल्यालासुद्धा कधी असं सांगायला लावलं नव्हतं. मी म्हटलं, "मी नाही खोटं बोलणार. सांगायचंच असलं तर तुम्ही सांगा."

भावजी खुर्चीचे हात धरून गुडघे सरळ करत उठले, पायरीपर्यंत गेले आणि जोतीरामच्या तोंडाकडं बघून, दुकानात नवं गिऱ्हाईक आल्यावर बोलतात त्या आवाजात म्हणाले, "पावणं, भीमाप्पा घरात न्हाईत."

जोतीरामनं लुना वळवली आणि चालू न करताच, हातानं ढकलत गल्लीच्या तोंडापर्यंत नेली.